मोजता येतील अशी

एचआरचं पत्र आलं:
संचालकांच्या कार्यालयाची वार्षिक उद्दिष्टं
पंधरा एप्रिलच्या आत पाठवा,
मोजता येतील अशीच.
'मोजता येतील'खाली रेघ होती. दोनदा ओढलेली.

सातपूरला तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं.
खिडकीत शेजारच्या कारखान्याचा पत्रा,
हवा स्वच्छ असली तर त्याच्या पलीकडे
पांडवलेण्यांचा डोंगर.
तिथला कातळ कोणी, किती, केव्हापर्यंत खोदायचा
हे कुठल्या तक्त्यात होतं, कुणास ठाऊक.

माझ्या तक्त्यात रकाने पाच:
काय, किती, केव्हापर्यंत, कोण, वजन.
वजन म्हणजे टक्के, सगळ्यांची बेरीज शंभर.
बागुल म्हणाला, माझं बहात्तर, मॅडम.

इरफान कोकणींचं सोपं वाटलं.
प्रवासाची बिलं सात दिवसांत. सध्या एकोणीस.
त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला,
आणि विचारलं, साहेब सहीला बारा दिवस घेतात,
ते कोणाच्या नावावर धरायचे?

गायधनी बाईंचं काय लिहू?
दिवसाला साठ फोन. त्या चाळीस जोडतात.
खरं काम उरलेल्या विसांत आहे.
'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे त्या अशा आवाजात सांगतात
की समोरचा दुखावत नाही
आणि पुन्हा फोनही करत नाही.
एका पुरवठादाराला त्यांनी तीन आठवडे असंच थोपवलं.
चौथ्या आठवड्यात त्याच्या शेडला टाळं लागलं,
आमचा ॲडव्हान्स आमच्याकडेच राहिला.
न जोडलेल्या फोनचं एकक काय?

मी लिहिलं, 'समन्वय सुधारणे.'
खोडलं.
'समन्वय वीस टक्क्यांनी सुधारणे.'
मलाच हसू आलं.
कशाचे वीस?

बागुल कपबशा उचलायला आला होता.
राहणार गणेशवाडी, जन्मापासून.
वाकून पडद्याकडे पाहिलं त्यानं, आणि म्हणाला,
गंगेला पाणी आलं का तुम्ही काय विचारता?
किती क्युसेक, असं विचारता?
नाही रे, मारुतीच्या कुठवर आलंय, असं.
'मग तेच,' म्हणाला,
आणि ट्रे घेऊन गेला.

दुतोंड्या मारुती.
गुडघ्याला पाणी, तर पूल बघायला गर्दी.
कमरेला आलं की भांडीबाजारात
हंडे-पातेली वरच्या फळीवर चढतात.
गळ्याशी आलं की कोणी काही विचारत नाही.
अंगावर त्याच्या एकही आकडा रंगवलेला नाही.
तो जागचा हलत नाही, एवढंच,
आणि सगळ्यांना दिसतो.

संध्याकाळी तक्ता पुन्हा भरला.
कोकणी: बिलं सात दिवसांत.
सहीचे बारा वेगळे मोजावेत,
साहेबांच्या नावासमोर.
गायधनी बाई: दीड ते दोन, डबा उघडा असताना
फोन वाजू नये. आठवड्यातून चार दिवस.
(सध्या एक. तोही साहेब परगावी असतात तेव्हा.)
बागुल: साडेसहाची पंचवटीची बस
महिन्यातून वीसदा तरी मिळावी.
समन्वय हा शब्द कुठेच नाही.

माझ्या ओळीला वेळ लागला.
पत्र्यावरचं ऊन गेलं,
गायधनी बाई 'येते हं' म्हणून गेल्या.
मग लिहिलं:
'शुक्रवारपर्यंत हे होणार नाही' असं साहेबांना
तोंडावर सांगणे. तिमाहीत एकदा.
सध्या शून्य.

आज एचआरकडून तक्ता परत आलाय.
उद्दिष्टांबद्दल अवाक्षर नाही.
वजनाचा रकाना रिकामा आहे, म्हणतात,
बेरीज शंभर करून पाठवा.

बागुलचे बहात्तर कायम ठेवलेत.
उरलेल्या अठ्ठाविसात
आम्ही तिघं जरा सरकून
बसतोय.